दुसऱ्याची कथा वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

कथालेखनाची कार्यशाळा जाहीर झाली की फोन सुरू होतात. प्रमाणपत्र मिळणार का? शेवटी सगळ्यांच्या कथांचं पुस्तक निघेल का? मार्गदर्शक कोण आहेत? जेवण आहे की नुसता चहा? रविवार मोडून, मेगाब्लॉकमधून वाट काढत नेरूळहून ठाण्याला यायचं म्हणजे माणूस एवढं विचारणारच. पण खरं तर पहिला विचारायला हवा तो प्रश्न कुणीच विचारत नाही. तिथे मला दुसऱ्यांचं किती वाचावं लागेल?

कार्यशाळेत शिकायला मिळतं ते बरंचसं दुसऱ्यांचं वाचतानाच मिळतं, असं माझं मत झालंय. तुमच्या स्वतःच्या कथेवर चर्चा चालू असते तो अर्धा-पाऊण तास छातीत धडधडण्यात जातो. कोण काय म्हणालं यातलं निम्मं डोक्यात शिरत नाही आणि उरलेलं टोचतं. शेजारच्याची कथा वाचताना मात्र तुमचं काही पणाला लागलेलं नसतं. हातात पेन्सिल आहे, दुसऱ्या पानावर कंटाळा आलाय, आणि तो का आला हे तुम्हाला रविवारी सगळ्यांसमोर सांगायचंय. नुसतं "मजा नाही आली" म्हणून सुटका नाही. मग तुम्ही परत वाचता, आणि लक्षात येतं की नायक चाळीतून निघून स्टेशनवर पोचेपर्यंत लेखकाने वाटेतलं एकही दुकान सोडलेलं नाही. तेवढं सापडल्यावर आपली वही उघडून बघा. तुमचाही नायक कुठेतरी तसाच चालत असतो.

तर ठाण्याला आम्ही कार्यशाळा घेतो, तिची पद्धत सांगते. दहा-बारा माणसं, त्याहून जास्त नकोत. कथा आठ दिवस आधी सगळ्यांकडे गेलेली असते, शक्यतो कागदावर. मोबाईलवर पीडीएफ वाचणारा माणूस समासात काही लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे. रविवारी लेखकाने एखादा परिच्छेद वाचून दाखवायचा, आणि मग गप्प बसायचं. मधे बोलायचं नाही. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे तर अजिबात नाही, कारण कथा दिवाळी अंकात छापून आली की वाचकाच्या शेजारी बसून तुम्ही खुलासे करणार नसता. सुरुवातीला आवडलं-नावडलं हे शब्द वर्ज्य. प्रत्येकाने फक्त सांगायचं, कथेत काय घडलं.

ही पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली, आणि चर्चेच्या वेळी लेखकाने गप्प बसायचं हा रिवाज तिथून जगभर गेला. त्याच विद्यापीठात १९६७पासून परदेशी लेखकांसाठी वेगळा उपक्रम सुरू झाला, आपले कवी दिलीप चित्रे तिथे जाऊन राहिले होते. फ्लॅनरी ओ'कॉनर ही कथाकार आयोवातच शिकलेली. विद्यापीठं लेखकांना गुदमरवून टाकतात का, असं तिला जाईल तिथे विचारत. तिचं उत्तर असं होतं की पुरेशा लेखकांना गुदमरवत नाहीत, हीच तक्रार आहे. कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाने हे अधूनमधून आठवावं.

आणि आपल्याकडे हे काही नव्हतंच, असंही नाही. खोली नव्हती, टपाल होतं. 'सत्यकथा' मासिकाकडे आलेल्या कथेवर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक जी मेहनत घेत, ती दुसरं काय होती? लेखकाला पत्र जाई, सूचना जात, कथा पुन्हा लिहून येई, कधी पुन्हा परत जाई. गझलेत तर उस्तादाने शागिर्दाच्या शेरावर हात फिरवायचा, त्याला इस्लाह म्हणतात, ही जुनी रीत. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती नवख्यांना हात देण्यासाठीच. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. आज कथा परत पाठवून "तिसरं पान पुन्हा बघा" म्हणणारे संपादक आहेत, पण थोडे. बाकीच्यांना शंभर मजकुरांतून अंक उभा करायचा असतो, त्यांना वेळ कुठला? संपादकाची ती रिकामी खुर्ची आता दहा-बारा सामान्य वाचकांनी मिळून भरायची, इतकाच आमचा उद्योग.

ठाण्याला साहित्याचं वावडं नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ सालापासून आहे. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलनं या शहरात भरली. वाशी-ऐरोलीपासून डोंबिवलीपर्यंत कट्टे आहेत, काव्यवाचनं आहेत, शाल-श्रीफळ आहे. टाळ्यांना तोटा नाही. कवितेवर "वा, क्या बात है" म्हणणारी शंभर माणसं एका हाकेसरशी जमतात. तिसऱ्या ओळीत अडखळलो, असं सांगणारा एक माणूस मिळायची मारामार. आपल्याकडे एक तर तोंडावर "छान" म्हणायचं, नाही तर पाठीमागे "काही दम नाही" म्हणायचं. यांच्या मधलं बोलण्याची आपल्याला सवय नाही. ती लावावी लागते, आणि लागेपर्यंत खोलीत थोडी रुसवाफुगवी होतेच.

एक उदाहरण सांगते. कळव्याचे एक गृहस्थ, सहकारी बँकेत नोकरीला. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि कारखाना बंद पडला, त्यावर त्यांची कथा होती. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिच्या भोंग्यावर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ चालत असे, त्यामुळे खोलीतल्या निम्म्या लोकांना विषय घरचाच होता. कथेत एक वाक्य होतं: "आयुष्याच्या कातरवेळी बाबांच्या डोळ्यांत एक अथांग पोकळी दाटून आली." हे वाक्य बहुतेकांनी अधोरेखित करून आणलं होतं, कौतुकाने. मग नेहमीप्रमाणे विचारलं, इथे काय घडलं? तिघे म्हणाले, वडील वारले. एकीला वाटलं, ते घर सोडून गेले. एक आजोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, मोतीबिंदू.

हसू आवरल्यावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी प्रश्न लिहून ठेवला होता तो वाचला. कारखाना बंद झाल्यावर डब्याचं काय झालं? लेखकाची बोलायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "डबा चालूच होता. बाबा रोज त्याच बसने जायचे. गेटला कुलूप होतं, पण वॉचमन ठेवला होता. त्याच्याबरोबर जेवायचे आणि पाचच्या सुमाराला घरी यायचे." "आईंना माहीत होतं?" "असणार. ती दोन पोळ्या जास्त घालायला लागली होती."

मग हे कथेत का नाही, असं चार-पाच जण एकदमच म्हणाले. त्यांचं उत्तर फार प्रामाणिक होतं: "हे अगदीच साधं वाटलं, साहित्यिक वाटेना." नव्या लिहिणाऱ्यांमधला हा सर्वांत मोठा गैरसमज, आणि तो व्याख्यानाने जात नाही. मी तासभर "दाखवा, सांगू नका" म्हणत राहिले असते तरी पोकळी दाटलेलीच राहिली असती. बाईंनी एक डबा विचारला आणि काम झालं.

दुसरी गोष्ट घणसोलीकडच्या एका मुलीची. घर आगरी, शिक्षण सगळं प्रमाण मराठीत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या त्या काळावर ती लिहीत होती. तिच्या कथेतली आजी चुलीपाशी बसून नातीला सांगते, "शासनाने आमच्या जमिनी संपादित केल्या आणि १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई येथे मोठे आंदोलन झाले." माहितीत काही चूक नाही. पण ही आजी चुलीपाशी बसून बातमीपत्र वाचत होती. कुणीतरी विचारलं, तुझी आजी घरात अशी बोलते? मुलगी लाजली. पुढच्या मसुद्यात आजीचं बोलणं आगरीत आलं, पाण्याचं 'पानी' झालं, आणि साल, नाव, आंदोलन सगळं तिच्या तोंडून निघून गेलं. राहिलं एवढंच की आजी अजून भात विकत घेताना दुकानदाराशी भांडते, कारण तांदूळ विकत आणायचा असतो हेच तिला मान्य नाही. आंदोलन कथेत उरलं का? माझ्या मते जास्त उरलं. खोलीतल्या दोघांना मात्र ते पटलं नाही. कोल्हापूरकडच्या एका वाचकाला आगरी पाच ओळींपलीकडे जड गेली, आणि एकाचं म्हणणं, साल नसेल तर नव्या पिढीला कळणार कसं? हा वाद आम्ही मिटवला नाही. मुलीने आजीचं बोलणं आगरीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं, तो तिचा निर्णय.

ज्यांची पुस्तकं आलेली आहेत त्यांना असल्या ठिकाणी काय मिळणार, असंही विचारतात. नवख्यांपेक्षा जास्त, असं मी म्हणते, कारण त्यांना खरं सांगणारं कुणी उरलेलं नसतं. नाव झालेले एक लेखक आमच्याकडे बसले होते. त्यांची प्रत्येक कथा पावसाने सुरू होते. कॉलेजातल्या एका मुलाने निरागसपणे विचारलं, "सर, पहिली दोन पानं काढली तर?" सरांचा चेहरा उतरला. चहाला ते कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला आले नाहीत. त्यानंतरच्या बैठकीला नवी कथा घेऊन आले, आणि तीही पावसानेच सुरू होत होती, पण अर्ध्या पानात आटोपत होती.

आता तोट्याची बाजू. दहा जणांचं ऐकून कथा दुरुस्त केली की ती दहा जणांची होते, हे खरं आहे. कोपरे घासले जातात. म्हणून लिहिणाऱ्याने एक भेद शिकून घ्यावा. बरेच जण एकाच जागी अडखळत असतील तर ती जागा नक्की बिघडलेली आहे, तिथे वाद घालू नका. पण ती कशी सुधारावी हे ते सांगायला लागले की कान थोडे मिटा. गूढकथा लिहिणारा तिथे खून सुचवेल, कवयित्री चंद्र सुचवेल. प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःची कथा लिहीत असतो.

आणि तीन दिवसांत लेखक करून देणाऱ्या जाहिरातींपासून जपा. त्यांचं गणित सोपं असतं: शुल्क भरा, कथा द्या, संग्रहात नाव छापून घ्या, वर प्रती विकत घ्या. तुमची कथा तिथे कुणी वाचलेली नसते, मुद्रितशोधकाने वाचली असेल तर नशीब. पहिलं पुस्तक काढायचंच असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी करा. निदान तिथे हस्तलिखित कुणीतरी वाचतं.

गावात कार्यशाळा नसेल तर अडायचं कारण नाही. सहा माणसं जमवा. सोसायटीचं कार्यालय रविवारी दुपारी रिकामंच असतं, सेक्रेटरींना कथा लिहायची हौस असेल तर फारच उत्तम. नवरा-बायको, सख्खे मित्र एकाच गटात घेऊ नका. ते एकमेकांना वाचवत बसतात. एका बैठकीला दोन कथा पुरेत, प्रत्येकी दीड हजार शब्दांच्या आत. ज्याने वाचून आणलं नसेल त्याने त्या दिवशी बोलायचं नाही, मग तो कितीही थोर असो.

घरी परतताना तुमच्या पिशवीत खुणा केलेल्या सगळ्या प्रती असतील. त्या रात्री त्या काढू नका. आठवडाभराने टेबलावर शेजारी-शेजारी मांडा, आणि ज्या ओळीवर तीन-चार पेन्सिली थांबल्यात तेवढ्याच ओळी बघा. मग जुना मसुदा बाजूला ठेवून कथा कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहा. जुन्यातलं वाक्य बघून उतरवलं की त्याच्याबरोबर जुनी खोडही येते. दिवाळी अंकांसाठी लिहीत असाल तर हे सगळं जुलैच्या आत उरका. गणपती आले की संपादक नव्या पाकिटाला हात लावत नाहीत.

नमस्कार.