'रन' या शब्दाची धाव

श्रोतेहो, नमस्कार.

'रन' म्हटलं की तुमच्या मनात आधी काय येतं? कुणाला पळणारा माणूस दिसेल, क्रिकेटवेड्यांना धावफलक. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात मात्र या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले गेले. ही नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या संपादकांना 9 महिने लागले! त्याआधी सर्वांत जास्त अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. 1989 च्या 20 खंडी आवृत्तीत त्याचे 430 अर्थ होते.

मग 'रन' पुढे कसा गेला? 'सेट'च्या मुळाशी बसवणं, ठेवणं आहे. 'रन'च्या मुळाशी गती. वाफेची इंजिनं आली, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, पुढे संगणक आले. जे जे सुरू राहतं, त्या सगळ्याला इंग्रजीनं 'रन' हेच क्रियापद लावलं. मला हे कारण पटतं.

गंमत बघा, तिथं यंत्र धावतं, आपल्याकडे ते चालतं. दुकान, संस्था, घर, सगळं आपण चालवतो. इंग्रज ते 'रन' करतो. नदी आणि सर्दी झालेलं नाक मात्र आपल्याकडे वाहतं. धुताना कपड्याचा रंग जातो, तोही इंग्रजीत 'रन' होतो. आणि बँक बुडेल या भीतीनं ठेवीदारांची एकदम झुंबड उडाली, की तो बँकेवरचा 'रन'.

म्हणूनच मुलांकडून 'रन म्हणजे धावणे' एवढीच जोडी घोकून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्थ ठरतो तो शेजारच्या शब्दांवरून. 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळचं संपणं. 'रन इन्टू' म्हणजे अचानक गाठ पडणं, किंवा चक्क धडकणं! पालकांनो, शिक्षकांनो, मुलांना सुटा शब्द देऊ नका, अख्खं वाक्य द्या. वाक्य कानावर पडलं की अर्थ सांगावा लागत नाही, बहुतेक वेळा तो आपसूक कळतो.

अर्थात इंग्रजी बोलणाऱ्यांचंही आपसात सगळं जुळतं असं नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, म्हणजे अगदी आपल्यासारखाच निवडणुकीला उभा राहतो.

नमस्कार.