तार कोणाची, हक्क कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या घरी महावितरणचे वीजबिल येत असेल, तर त्यातील आकारांचा तपशील एकदा सावकाश वाचून पाहा. स्थिर आकार असतो, वीज आकार असतो आणि त्यांच्या जोडीला 'वहन आकार' नावाची एक ओळ असते. वीज आकार हा आपण वापरलेल्या विजेचा. वहन आकार हा ती वीज दारापर्यंत आणणाऱ्या तारांचा, खांबांचा आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या डीपीचा. बहुतेक जण तळाची रक्कम पाहून बिल बाजूला ठेवतात, आणि त्यात काही गैरही नाही. पण वीज विकणारा एक आणि तार दुसऱ्याची असे होऊ शकते का, हा आजच्या भाषणाचा प्रश्न त्या एका ओळीतूनच निघतो.

२००३ च्या विद्युत कायद्यानुसार वीज वितरणासाठी परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो राज्य वीज नियामक आयोग देतो. मात्र परवानाधारकाने आपल्या क्षेत्रातील एखाद्या भागाचे काम दुसऱ्याकडे सोपवले, तर त्या दुसऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. या दुसऱ्यालाच आपण फ्रँचायझी म्हणतो. हा शब्द ऐकताच वडापावच्या दुकानांची साखळी डोळ्यांसमोर येते. येथे मात्र फ्रँचायझीकडे सोपवलेल्या भागातही ग्राहक महावितरणचाच राहतो, दर आयोगाने ठरवलेलेच राहतात आणि कायद्याने पुरवठ्याची जबाबदारीही परवानाधारकावरच राहते.

याचा देशातला पहिला मोठा प्रयोग आपल्या भिवंडीत झाला. यंत्रमागांचे हे शहर. पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचा पैसा हाती येत नसे. आकडे टाकून माग चालत, भार वाढून रोहित्रे जळत, रोहित्र जळाले की गल्ली अंधारात बसे, आणि अंधारात बसलेला ग्राहक बिल भरायला नाखूश असे. २६ जानेवारी २००७ पासून तेथील वितरण टोरेंट पॉवर या कंपनीकडे गेले. कराराची रचना समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या वेशीवर, जेथून वीज आत येते त्या ठिकाणी, मीटर बसवायचे. तेथे मोजलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे कंपनीने महावितरणला बोलीत ठरलेल्या दराने द्यायचे. आत शहरात वसुली किती होते, हा कंपनीचा प्रश्न. म्हणजे गळती ज्याच्या खिशातून जाते त्यालाच ती बंद करण्याची घाई. पुढच्या काही वर्षांत तेथील गळती झपाट्याने खाली आली, हे मान्य केले पाहिजे. मीटर, बिले आणि दंडाच्या नोटिसा यांवरून तेथे मोर्चेही निघाले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

भिवंडीच्या यशाने हुरूप येऊन २०११ मध्ये नागपूरचा काही भाग, औरंगाबाद आणि जळगाव येथे हीच पद्धत आणली गेली. तिन्ही ठिकाणी ती मुदतीआधीच आटोपली. औरंगाबादचे वितरण २०१४ मध्ये, जळगावचे २०१५ मध्ये आणि नागपूरचे २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले. माझ्या मते यातला धडा बोलीच्या आकड्यात आहे. काम मिळावे म्हणून वेशीवरच्या युनिटला चढा दर कबूल करायचा आणि मग गळती अपेक्षेइतकी उतरली नाही की महावितरणचे देणे थकवायचे, या वाटेने कोणतीही कंपनी फार काळ चालू शकत नाही. असे असूनही २०२० मध्ये मालेगाव आणि मुंब्रा-कळवा-शिळ हे भाग फ्रँचायझीकडे गेलेच.

मुंबईची तऱ्हा निराळी. तेथे एकाच भूभागावर एकाहून अधिक परवाने आहेत. उपनगरांत बीएसईएस, पुढे रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी अशा क्रमाने ज्या जाळ्याची मालकी बदलत गेली, त्याच उपनगरांत घरगुती ग्राहकाला वीज विकण्याचा हक्क टाटा पॉवरलाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. हक्क मिळाला, पण घरोघर पोहोचणारी तार कोठे होती? म्हणून २००९ मध्ये आयोगाने तोडगा काढला: ग्राहकाने टाटांची वीज घ्यावी, ती जुन्याच तारेवरून यावी आणि त्या तारेचे भाडे, म्हणजे तोच आपला वहन आकार, तारेच्या मालकाला मिळावा. लाखो घरांत बिलावरचे नाव बदलले आणि भिंतीतली वायर जागची हललीही नाही. शहरात, बेस्टच्या हद्दीत, हा तोडगा चालला नाही. बेस्ट ही स्थानिक संस्था असल्याने तिच्या तारा दुसऱ्याला खुल्या करण्याचे बंधन कायद्याने तिच्यावर नाही; तेथे वीज विकायची तर टाटांनी स्वतःचे जाळे टाकावे, असे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

स्वतःचे जाळे टाकणे म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. महापालिकेची परवानगी काढून रस्त्यात चर खोदायचा, केबल पुरायची आणि चर बुजवायचा. पावसाळ्यात तातडीच्या कामाखेरीज तेही बंद. आमच्या गल्लीत एका हिवाळ्यात विजेचा, गॅसचा आणि इंटरनेटचा असे तीन चर एकाच कडेने खणले गेले. तिसरा चर खणणाऱ्यांनी पहिल्याची केबल तोडली आणि दुरुस्तीला कोणी यायचे यावर दीड दिवस फोनाफोनी चालली. दोन समांतर जाळ्यांचा खर्च शेवटी दोन्हीकडच्या ग्राहकांच्याच बिलात चढतो, म्हणून मला तारेपुरती एकाचीच मक्तेदारी शहाणपणाची वाटते.

नळाने येणाऱ्या गॅसच्या बाबतीत कायद्याने नळी एकाची आणि विक्री दुसऱ्याची हा भेद सुरुवातीपासूनच केला आहे. २००६ च्या कायद्याने नेमलेले नियामक मंडळ एकेका भौगोलिक क्षेत्राचे काम बोली मागवून देते आणि त्यात दोन वेगळे हक्क असतात. नळ्या टाकण्याचा एकाधिकार पंचवीस वर्षांचा. गॅस विकण्याचा एकाधिकार मात्र मोजक्या वर्षांचा. ती वर्षे सरली की त्याच नळ्यांतून भाडे घेऊन दुसऱ्याचा गॅस वाहू द्यावा, अशी कल्पना. मुख्य वाहिनीतला गॅस सिटी गेट स्टेशनवर येतो, तेथे दाब उतरवून त्यात वासाचे द्रव्य मिसळतात, कारण मूळ गॅसला वास नसतो. तेथून जमिनीखालच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून तो इमारतीपर्यंत आणि भिंतीवरच्या पिवळ्या पाइपातून शेगडीपर्यंत जातो. शेगडीपर्यंतची ती नळी एकच राहायची असल्याने, दुसरा विक्रेता आला तरी गळतीचा वास आल्यावर फोन कोणाला करायचा हे आधीच ठरलेले असावे लागेल. विक्रीचा एकाधिकार कधी संपतो, हा वाद तर न्यायालयांपर्यंत गेला आहे.

विजेच्या क्षेत्रातही एकाच तारेवरून अनेक विक्रेते, ही तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि समितीकडे गेले. इकडे महावितरणच्या क्षेत्रात समांतर परवाना मागणाऱ्या अर्जाविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मिटला. पैसे भरणारी शहरे खासगीकडे आणि शेतीपंप महावितरणकडे अशी वाटणी होईल, ही त्यांची भीती उडवून लावण्यासारखी नाही, कारण शेतकऱ्याचा स्वस्त दर बऱ्याच अंशी शहरातल्या आणि कारखान्यांच्या बिलांवरच उभा आहे.

भिवंडीचा करार २०१७ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. ती मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते. या वीस वर्षांत कंपनीने टाकलेल्या तारा, उभारलेली रोहित्रे आणि बसवलेले मीटर यांची घसारा वजा जाता किंमत किती, हे करार संपताना महावितरणला कागदावर मांडावे लागते. पुढे काम त्याच कंपनीकडे राहो, नव्या कंपनीकडे जावो की महावितरणकडे परत येवो, त्या यादीतली किंमत कोणाच्या तरी वहन आकारात येणारच आहे.

नमस्कार.