लिहून टाकून दिलेलं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टोस यांनी सॉक्रेटिसवर एक अख्खं पुस्तक लिहून काढलं. मग स्वतःच ते वाचलं, मनाला पटलं नाही, आणि टाकून दिलं. सॉक्रेटिसवरचं त्यांचं पुस्तक वाचकांच्या हाती आलं ते थेट १९९१ साली. मधल्या या जवळजवळ चाळीस वर्षांचं मला फार अप्रूप आहे.

व्लास्टोस यांचा जन्म १९०७चा, इस्तंबूलमधला. वडील ग्रीक, आई स्कॉटिश. हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्या हाताखाली १९३१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे कॅनडात किंग्स्टनला, मग कॉर्नेल, प्रिन्स्टन आणि शेवटी बर्कलीला शिकवलं.

१९५४ साली त्यांचा एक निबंध आला. विषय असा: मोठा डोंगर, मोठं झाड, मोठं जहाज, ही सगळी मोठी कशामुळे? प्लेटोचं उत्तर, 'मोठेपण' नावाचं एक मूळ रूप आहे, त्याच्यामुळे. बरं, ते मोठेपणही मोठंच ना? मग त्याच्यासकट या सगळ्यांना मोठं करणारं आणखी एक मोठेपण हवं. त्याच्यापुढे आणखी एक. साखळी संपतच नाही! गंमत म्हणजे ही अडचण 'पार्मेनिडीज' या संवादात खुद्द प्लेटोनंच मांडली आहे. व्लास्टोस यांनी तिच्यातली न बोललेली गृहीतकं एकेक करून उजेडात आणली आणि म्हटलं, प्लेटो इथे खरोखरच अडला होता आणि ते अडणं त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाबद्दल असं म्हणायला केवढा आदर लागतो! या निबंधावर पुढे कित्येक वर्षं वाद चालू राहिले.

पण त्यांचा जीव अडकला होता सॉक्रेटिसमध्ये. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिस समोरच्याला प्रश्न विचारत जातो आणि त्याचीच दोन मतं एकमेकांशी भांडतात हे दाखवून देतो. १९८३ साली व्लास्टोस यांनी विचारलं: दोन मतं जुळत नाहीत एवढंच यातून कळतं, मग त्यातलं नेमकं कोणतं खोटं, हे सॉक्रेटिस कशाच्या बळावर सांगतो? शेकडो वर्षं वाचल्या जाणाऱ्या संवादांना विचारलेला इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न मी दुसरा पाहिला नाही.

माणूस वादाला भीत नसे. प्रिन्स्टनला त्यांच्याकडे शिकलेल्या टेरेन्स अर्विन यांचं प्लेटोच्या नीतिविचारावरचं पुस्तक १९७७ साली आलं. व्लास्टोस यांनी त्यावर कडक परीक्षण लिहिलं, शिष्यानं उत्तर दिलं, गुरूंनी पुन्हा लिहिलं. महिनोन्‌महिने हे जाहीरपणे छापून येत होतं.

१९९१ साली पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी, वयाच्या ८४व्या वर्षी, व्लास्टोस गेले.

मला प्लेटोचा 'लॅकीस' हा संवाद आठवतो. शौर्य म्हणजे काय, हा प्रश्न. दोन अनुभवी सेनापती समोर बसलेले. एक म्हणतो, जागा न सोडता लढणं. सॉक्रेटिस विचारतो, आणि माघार घेत घेत लढणारे सिथियन स्वार? व्याख्या मोडते, दुसरी येते, तीही मोडते. शेवटी उत्तर सापडतच नाही. तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी सल्ला मागणारा म्हातारा लिसिमाकस सॉक्रेटिसला म्हणतो, उद्या पहाटे माझ्या घरी ये. आणि सॉक्रेटिस म्हणतो, देवाची इच्छा असेल तर येईन.