मॉसच्या खालची बाग

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी ही कुंडी नीट बघून घ्या. वर मोजकी लांबट, जाडसर पानं आहेत, आणि एका बारीक दांड्यावर पांढरी फुलं, प्रत्येकाच्या घशाशी पिवळा डाग. मघाशी आत येताना दोघातिघांनी विचारलं, 'हे कुठलं ऑर्किड?' प्रश्न रास्तच आहे. हे आहे युट्रिक्युलॅरिया अल्पिना, ब्लॅडरवर्टच्या, म्हणजे इवल्या पिशव्यांनी जीव पकडणाऱ्या मांसाहारी वनस्पतींच्या, वंशातलं. या वंशाच्या एका गटाला वनस्पतिशास्त्रात नावच ऑर्किडिऑइडिस, म्हणजे 'ऑर्किडसारख्या', असं दिलेलं आहे. त्यातल्याच युट्रिक्युलॅरिया एन्ड्रेसीचं नामकरण रायशेनबाख यांनी केलं, आणि ते एकोणिसाव्या शतकातले ऑर्किडचे मोठे जाणकार होते.

नात्यानं मात्र ही ऑर्किडची कोणीच नाही. तिचा गण तुळशीचा आणि जाईचा. ऑर्किडला तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात. हिच्या फुलाला दोन ओठ, मागे मध साठवणारी सोंड आणि आत दोनच पुंकेसर. मराठीत 'सीतेची आसवे' म्हणतात ती नाजूक जांभळी फुलंही याच वंशातली. जगभरात या वंशाच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. मांसाहारी वनस्पतींमध्ये एवढा मोठा वंश दुसरा नाही.

यातल्या एकाही जातीला मूळ नाही. जमिनीखाली किंवा पाण्यात पसरतात ते धाग्यांसारखे खोडाचे फाटे, आणि त्यांना लागलेल्या असतात इवल्याशा पिशव्या. लहान जातींत पिशवी मिलिमीटरच्या काही अंशाएवढीच असते, तर युट्रिक्युलॅरिया हम्बोल्टीत ती सेंटीमीटरभर होते. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकतात. त्यामुळे आत दाब कमी होतो आणि भिंती खपाटीला जातात. दाराशी बारीक केस असतात. एखाद्या जलपिसूचा धक्का त्यांना लागला की दार आत उघडतं, पाण्याच्या लोंढ्याबरोबर तो जीव ओढला जातो आणि दार मिटतं. दार उघडून जीव आत ओढला जाणं साधारण एका मिलिसेकंदात उरकतं. मग साधारण पाव ते अर्ध्या तासात पिशवी पुन्हा सज्ज होते.

चार्ल्स डार्विन यांना हे नेमकं उमगलं नव्हतं. मांसाहारी वनस्पतींवरच्या त्यांच्या 1875 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की प्राणी डोकं खुपसून स्वतःच आत घुसतात. त्याच काळात अमेरिकेत, न्यू जर्सीत, मेरी ट्रीट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास पिशव्यांचं दार बघत होत्या. प्राणी घुसत नाही, तो क्षणात नाहीसा होतो, हे त्यांनी पाहिलं आणि डार्विन यांना कळवलं. त्यांचं नाव मी आवर्जून घेतो, कारण ही वनस्पती वाढवायलाही तोच गुण लागतो: बघत बसण्याचा.

आता लागवडीकडे वळू. माझं म्हणणं एवढंच आहे की घटपर्णी किंवा दवबिंदू (ड्रोसेरा) या मांसाहारी वनस्पतींत आपण रोप वाढवतो, इथे कुंडीचं पोट वाढवायचं असतं. पानं हा या वनस्पतीचा थोडासाच भाग आहे. खरी वनस्पती मॉसच्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या शेवाळाच्या, आत आहे. तिथल्या धाग्यांचं जाळं भरलं नाही, तर फूल येत नाही.

माझी पहिली अल्पिना तीन वर्षं फुलली नाही. दर काही महिन्यांनी मी ती उपटून बघायचो, धागे सुटे करायचो, ताजा मॉस घालून पुन्हा लावायचो. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतो आहे. प्रत्यक्षात तिनं कष्टानं विणलेलं जाळं मी दर वेळी तोडत होतो. चौथ्या वर्षी घरातल्या आजारपणामुळे तिला हात लावायला सवडच मिळाली नाही, पाणी तेवढं मिळत राहिलं. जाळीच्या कुंडीच्या भोकांमधून पांढरे धागे बाहेर डोकावू लागले, ताटलीतल्या पाण्यापर्यंत पोचले, आणि त्यानंतर पहिला दांडा आला. तेव्हापासून मी कुंडी केवळ मॉस कुजल्यावरच बदलतो, आणि तीही आतला गोळा न मोडता.

कुंडी जाळीची घ्या, कारण धाग्यांना बाहेर पडायला वाट हवी. आत लांब धाग्यांचा स्फॅग्नम मॉस सैलसर भरा, त्यात पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि ऑर्किडसाठी वापरतात ती बारीक साल मिसळा. दाबून भरू नका. माती नको, शेणखत नको, कुठलंच खत मॉसमध्ये नको. या वनस्पती क्षारांना मुळातच सरावलेल्या नाहीत. पाणी पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा 50 च्या खाली असला की मी निश्चिंत असतो. नळाच्या जड पाण्यानं रोप लगेच मरत नाही, हीच अडचण आहे. महिनोन्‌महिने ते खंगत जातं आणि कारण लक्षात येत नाही.

पाण्यात सतत बुडवून ठेवणं जमिनीवरच्या छोट्या जातींना चालतं. अल्पिनासारख्या झाडांवर वाढणाऱ्या जातींना ओल हवी आणि हवाही हवी. ताटलीत बोटभर पाणी ठेवावं, ते संपू द्यावं, एखादा दिवस जाऊ द्यावा, मग पुन्हा घालावं. अल्पिनाला आणि एन्ड्रेसीला पाणी साठवणारे पांढरे कंद असतात. एन्ड्रेसी तर कोरड्या ऋतूत पानं टाकून त्या कंदांवर तग धरते. पानं पिवळी पडून गळाली म्हणून ती फेकून देऊ नका. पाणी कमी करा आणि वाट बघा.

उजेड भरपूर, पण गाळलेला. ऑर्किडला जो मानवतो तोच. खरी कसोटी रात्रीच्या गारव्याची. अल्पिना आणि लाँगिफोलिया बऱ्यापैकी सोशिक आहेत. हम्बोल्टी आणि लाल फुलांची क्वेल्ची मात्र दक्षिण अमेरिकेतल्या गयाना पठारावरच्या, ढगांत बुडालेल्या सपाट माथ्यांच्या डोंगरांवरून आलेल्या. त्यांना रात्री पारा 15 अंशांच्या आसपास उतरलेला हवा. तो गारवा देता येत नसेल तर त्या आणू नका, असं मी कळकळीनं सांगेन. रोज थोडंथोडं मरताना बघण्यासाठी कुणी झाड आणत नाही. नुकती सुरुवात करणाऱ्यानं सँडरसनी लावावी. ती दक्षिण आफ्रिकेतली. सशाच्या कानांसारखी तिची इवली फुलं उथळ ताटलीतही जवळजवळ वर्षभर येतात.

हम्बोल्टीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिच्या गावी ब्रोकिनिया नावाच्या वनस्पती आहेत, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं. हम्बोल्टी त्या पाण्यात राहते, आणि तिचा फाटा एका ब्रोकिनियातून निघून हवेतून शेजारच्या ब्रोकिनियात उतरतो. ब्राझीलमधली नेलंबिफोलियाही असंच करते. म्हणून या दोघींच्या कुंडीशेजारी मी पाण्याचा एक पेला ठेवतो. फाटा त्यात स्वतःहून उतरतो.

खाऊ घालायचं का, हे नेहमी विचारलं जातं. जिवंत मॉसमध्ये सूक्ष्म जीव असतातच. मुद्दाम काही घालू नका. मावा मात्र कळ्यांवर बसतो, तो मऊ ब्रशनं काढा. आणि दांडा दिसला की कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही, जागा बदलायची नाही. या टप्प्यावर जागा बदलली तर कळ्या गळतात, हे मी एकदा नाही, अनेकदा अनुभवलं आहे.

फुलाला भेट देणाऱ्या कीटकाला इथे काही भय नसतं, कारण पिशव्या दांड्यापासून दूर, खाली मॉसमध्ये असतात. वरचा पाहुणा आणि खालचं भक्ष्य यांची गाठ पडत नाही.

आता पुढच्या रांगेपासून हे भांडं फिरवतो आहे. यात पाण्यातली जात आहे, मोठ्या पिशव्यांची. चिमट्यानं एक फाटा हळूच पाण्याबाहेर उचला आणि कानाशी धरा. पिशव्या उडाल्या, तर हवा आत ओढली जाताना बारीक कटकट ऐकू येते. पंखा बंद करतो. जरा शांत बसूया.