केअर होम विकायचंय? आधी खोल्या मोजा

(दृश्य : समुद्रकिनाऱ्यालगतचा रस्ता. जुनी तीन मजली घरं, मोठाल्या खिडक्या. एका घराच्या पायऱ्यांवर मागाहून बांधलेला व्हीलचेअरचा उतार.)

ईस्टबोर्न, बोर्नमथ, टॉर्की, स्कारबरो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची ही गावं एकेकाळी सुट्टीवर येणाऱ्यांची होती. पुढे लोक स्वस्त विमानानं स्पेनला जायला लागले आणि इथली छोटी हॉटेलं, बोर्डिंग हाउसं रिकामी पडू लागली. नेमक्या 1980 च्या दशकात खासगी केअर होममध्ये, म्हणजे पैसे घेऊन वृद्धांना सांभाळणाऱ्या घरांत, राहणाऱ्यांचा खर्च सरकारी भत्त्यातून निघू लागला. हॉटेलवाल्यांनी पाटी बदलून 'केअर होम' लिहिलं. पाहुणे येतच राहिले, फक्त आता ते आठवड्यासाठी येत नव्हते, कायमचे येत होते.

त्या पिढीतले मालक आता स्वतःच सत्तरीला आलेत. घर विकायचं आहे, आणि विकण्याआधी त्यावर थोडा पैसा घालायचा आहे. पण कुठे घालायचा?

आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटला की बहुधा ट्रस्ट आला, देणगीची पावती आली. ट्रस्टची जागा विकायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातल्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. त्यामुळे 'वृद्धाश्रम विकणे आहे' हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. इंग्लंडात कुणाला वाटत नाही. तिथे केअर होम हा चालता धंदा असतो आणि तो आत राहणाऱ्या माणसांसकट विकला जातो.

म्हणूनच त्याची किंमत शेजारच्या बंगल्यासारखी चौरस फुटावर ठरत नाही. मूल्यांकन करणारा बघतो की हे घर एखाद्या बऱ्यापैकी सक्षम माणसाच्या हाती दिलं तर वर्षाला किती नफा सुटेल. त्या नफ्याला काही पटीनं गुणायचं. नवा रंग, हॉलमधलं झुंबर, दारातल्या कुंड्या यांनी नफा हलत नसेल तर किंमतही हलत नाही.

(दृश्य : दोन खाटांची खोली. मधे पडदा. एक खाट रिकामी, त्यावर घडी घातलेली ब्लँकेटं.)

ही खोली नीट पाहा. कागदावर इथे दोघं राहू शकतात. प्रत्यक्षात अनोळखी माणसासोबत खोली वाटून घ्यायला आता कुणी तयार नसतं, त्यामुळे दुसरी खाट कायम रिकामी. मालक सांगतो, 'चोवीस जणांचं घर आहे.' घेणारा खोल्या मोजतो आणि म्हणतो, वीस.

दुसरा प्रश्न अटॅच्ड बाथरूमचा. 2002 साली लागू झालेल्या राष्ट्रीय मानकांत नव्या केअर होमसाठी एकट्याच्या खोलीला किमान 12 चौरस मीटर जागा सांगितली होती, बाथरूम वेगळं धरून. जुन्या घरांना त्यातून सवलत मिळाली आणि पुढे ती मानकंही गेली, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात तो मापदंड राहिला. आईसाठी जागा शोधणारी मुलगी नव्यानं बांधलेलं केअर होम आधी पाहून आलेली असते. मग इथे येऊन तिला कळतं की रात्री आईला बोळातून चालत संडासला जावं लागेल.

आता जुन्या घरात बाथरूम काढायचं तर जागा आणायची कुठून? शेजारच्या खोलीतून. म्हणजे काही ठिकाणी तीन खोल्यांच्या दोन करायच्या. इथे बरेच मालक अडून बसतात, कारण खोली कमी करणं म्हणजे त्यांना पोटावर पाय वाटतो.

समजुतीपुरती एक आकडेमोड करू. वीस खोल्या, आठवड्याची फी 850 पौंड, सगळ्या भरलेल्या. आठवड्याला 17,000 पौंड आले. आता दोन खोल्या मोडून अठरा केल्या, प्रत्येकीला बाथरूम दिलं आणि फी 1,050 झाली. आले 18,900. दोन माणसं कमी, आणि वर्षाला 98,800 पौंड जास्त. खर्च वाढला नाही आणि घेणारा नफ्याच्या सहा पट द्यायला तयार आहे असं धरलं, तर किमतीत पावणेसहा लाख पौंडांच्या वर भर पडते. त्यातून बांधकामाचा खर्च वजा करा, आणि काम चालू असताना बंद राहिलेल्या खोल्यांची बुडालेली फीसुद्धा. ही दुसरी वजाबाकी हमखास विसरली जाते.

हे गणित सगळीकडे जुळत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडात ज्याच्या नावावर 23,250 पौंडांहून जास्त मालमत्ता असते त्यानं केअर होमची फी स्वतःच्या खिशातून भरायची असते. त्याखाली असेल तर स्थानिक कौन्सिल हातभार लावते, आणि कौन्सिलचा दर कमी असतो. ज्या गावात बहुतेक रहिवासी कौन्सिलच्या पैशावर आहेत, तिथे सुंदर बाथरूम बांधून फी वाढणार कुणाची? तिथे खोल्या मोडू नयेत.

(दृश्य : जिना. पहिल्या मजल्यावरून डावीकडे तीन पायऱ्या चढून गेलेल्या दोन खोल्या.)

जुन्या घरांची खरी खोड ही. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबते, पण या दोन खोल्या त्याच्याही तीन पायऱ्या वर. त्या तीन पायऱ्यांपायी हाताशी आलेलं गिऱ्हाईक परत जातं, कारण आज केअर होममध्ये येणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त थकलेला असतो. कित्येकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असतो, कित्येकांना वॉकर लागतो. चांगल्या हवेच्या, समुद्र दिसणाऱ्या या खोल्या वर्षभर रिकाम्या राहतात. छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसली तर दोन खोल्या हिशेबात येतात. नाही बसली तर त्या स्टाफला द्याव्यात आणि जाहिरातीत त्यांचा आकडा धरू नये.

(दृश्य : बोळ. एक जड दार, खाली लाकडी पाचर सारलेली. कॅमेरा पाचरीवर.)

आता हे दार. साधं दिसतं, पण हे आग अर्धा तास थोपवणारं दार आहे. चौकटीच्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते, ती उष्णतेनं फुगते आणि दाराभोवतीची फट बुजवते. वरचा स्प्रिंगचा हात दार आपोआप लावून घेतो. आणि कुणीतरी खाली पाचर मारून ते उघडं ठेवलंय. कारण वाईट नाही. आतल्या आजींना हे दार जड पडतं, आणि दार बंद असलं की त्या घाबरतात.

31 जानेवारी 2004 च्या पहाटे स्कॉटलंडमधल्या अडिंग्स्टन इथल्या रोझपार्क केअर होममध्ये आग लागली. सुरुवात झाली ती बोळातल्या एका कपाटात, विजेच्या वितरण फलकापाशी. चौदा वृद्ध गेले. खोल्यांची दारं उघडी होती, त्यामुळे धूर थेट आत पोहोचला.

यावर उपाय आहे. दाराला अलार्मशी जोडलेला क्लोझर, म्हणजे दार लावून घेणारा हात, बसवायचा. एरवी दार हलकं, बोटानं ढकलावं तसं उघडतं आणि हवं तिथे थांबतं. अलार्म वाजला की आपलं आपण बंद होतं. विकत घेणाऱ्याचा सर्व्हेअर आला की बोळातून चालताना तो खाली पाचरी शोधतो. मला विचाराल तर दर्शनी भागाच्या रंगाआधी पैसे इथे घालावेत. किमतीचा विषय नसता तरी घालावेत.

पाण्याचंही तसंच आहे. टाकीतलं पाणी 60 अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लिजिओनेलाचे जंतू वाढतात. पण अंघोळीच्या टबात येणारं पाणी 44 अंशांच्या वर जाता कामा नये, कारण म्हातारी कातडी लगेच भाजते. मधे गरम-गार मिसळणारा व्हॉल्व्ह लागतो आणि तो वेळोवेळी तपासावा लागतो. भिंतीतलं काम, दिसत नाही, म्हणून राहून जातं.

(दृश्य : पांढराशुभ्र संडास. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरं भांडं. मग तोच संडास, निळ्या सीटसह.)

डिमेन्शिया झालेल्या माणसाला पहिल्या चित्रात भांडं ओळखूच येत नाही. पांढऱ्यावर पांढरं. तो दारातच थांबतो, आणि मग कपडे ओले होतात. सीट निळी केली की त्याला ते दिसतं. दारापुढचं काळं पायपुसणं त्याला खड्ड्यासारखं भासतं, चकचकीत फरशी ओली वाटते, नक्षीच्या गालिच्यावर काहीतरी पडलंय असं समजून तो वाकतो. यातल्या बहुतेक गोष्टी बदलायला फार पैसे लागत नाहीत. आणि घरात शिरताक्षणी येणारा तो लघवीचा वास, जो रोज राहणाऱ्यांना येईनासा होतो, तो बहुधा जुन्या गालिच्यात मुरलेला असतो. गालिचा काढून धुता येणारं विनाइल घातलं की निम्मी लढाई संपली. घेणारा माणूस ताळेबंदाआधी नाकानं निर्णय घेतो.

(दृश्य : ऑफिसातलं कपाट. फायलींची रांग.)

एक भाग बांधकामाचा नाही, पण किमतीचा आहे. लिफ्ट आणि माणूस उचलायचे हॉइस्ट यांची दर सहा महिन्यांनी तपासणी झाल्याचे दाखले. आगीच्या धोक्याचा अहवाल. ॲस्बेस्टॉसची नोंदवही, कारण ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली 1999 मध्ये आणि ही घरं त्याच्या कितीतरी आधीची. नव्या बाथरूमांना बांधकाम खात्यानं दिलेलं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र. हे शेवटचं नसलं तर घेणाऱ्याचा वकील सगळं काम अनधिकृत धरून किंमत पाडतो.

आणि सगळ्यांवर बसतो तो केअर क्वालिटी कमिशनचा, म्हणजे इंग्लंडातली केअर होमं तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, शेरा. उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं, अशा चार पायऱ्या. 'सुधारणा हवी' शेरा असलेल्या घराला बँक कर्ज द्यायला कुरकुरते, मग घर विकत घेणारे कमी होतात. विकायच्या घाईत बांधकाम काढलं, रहिवाशांना धूळ-आवाजात बसवलं आणि त्याच आठवड्यात तपासनीस दारात उभा राहिला, तर नवी बाथरूमं काही कामाची नाहीत. म्हणून एका वेळी एक मजला, किंवा दोन-तीन खोल्या. ज्यांची खोली बदलायची त्यांना आणि घरच्यांना आधी सांगून. डिमेन्शियाच्या माणसाला खोली बदलणं म्हणजे गाव बदलण्यासारखं असतं.

काही घरं मात्र कितीही केलं तरी वर येत नाहीत. अरुंद बोळ, लिफ्टला जागा नाही, खोल्या लहान. अशा घराला सर्वांत जास्त भाव बिल्डर देतो, फ्लॅट करायला. त्यासाठी वापर बदलायची परवानगी लागते, आणि घर रिकामं लागतं. इथले रहिवासी कायद्यानं भाडेकरू नसतात बहुधा. करारात दिलेल्या मुदतीची नोटीस मिळते, काही आठवड्यांची, आणि नव्वदीतल्या माणसानं नवी जागा शोधायची. मालकाला हा पर्याय कुणी वाईट म्हणून दाखवत नाही. हिशेबाच्या कागदावर तो फक्त एक मोठा आकडा असतो.

घर चालतं विकलं तर कर्मचारी त्याच पगारावर, त्याच अटींवर नव्या मालकाकडे जातात, तसा कायदा आहे. कमिशनची नोंदणी तशी जात नाही. ती घराला नसते, चालवणाऱ्याला असते. नव्या मालकाला स्वतःची नोंदणी मिळवावी लागते आणि त्याला महिने लागतात. म्हणून वकील दोन तारखा एकाच दिवसावर आणायला धडपडतात. जुन्याची नोंदणी संपली आणि नव्याची सुरू व्हायची आहे, अशा मधल्या एका दिवसातही तिथे कुणाची शुश्रूषा चालवली तर तो इंग्लंडात गुन्हा आहे.