पोपच्या कानावर घालणारे फादर

विषय दिलाय 'विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा', वेळ वीस मिनिटं, त्यातली सहा या माइकने खाल्ली. असो. गॅलिलिओवर मी बोलणार नाहीये, इथल्या निम्म्यांना तो मीच शाळेत शिकवलाय.

मला राग येतो तो भलत्याच गोष्टीचा. आपल्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर दर आठ-पंधरा दिवसांनी एक फॉरवर्ड येतो, गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि खाली 'शास्त्रज्ञांनी मान्य केलं! बिग बँग म्हणजेच उत्पत्ती अध्याय 1, वचन 3'. त्याखाली पस्तीस आमेन. मी एकदाच विचारलं, बाबांनो कुठल्या शास्त्रज्ञाने ते तरी सांगा, तर सख्ख्या मावशीचा फोन, 'रविवारी मिस्साला येतोस ना रे अजून?'

गंमत म्हणजे ही बिग बँगची थिअरी, म्हणजे विश्वाला एक सुरुवात होती आणि तेव्हापासून ते पसरतंय, मांडली एका धर्मगुरूनेच. फादर जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, 1923 मध्ये दीक्षा, आणि 1927 मध्ये विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून काढून दाखवलं. त्याच वर्षी ब्रसेल्सला आइन्स्टाइन भेटला, गणित बरोबर म्हणाला पण फिजिक्स अगदीच वाईट! (पेपर तपासताना मीही हेच म्हणायचो, फक्त समोर आइन्स्टाइनला चुकवणारं कोणी नसायचं.) 1931 मध्ये फादरांनी आद्य अणूची कल्पना मांडली, म्हणजे सगळं विश्व एकाच अणूसारख्या दाट गोळ्यातून फुटून निघालं. 'बिग बँग' हे नाव त्यांचं नाहीच, ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलने 1949 मध्ये रेडिओवर वापरलं, आणि हॉईलला ही थिअरी अजिबात पटत नव्हती, त्याच्या मते विश्वाला सुरुवातच नव्हती, बघा म्हणजे बारसं कोणी केलं ते.

आता नोव्हेंबर 1951. पोप पायस बारावे भाषणात म्हणाले की उत्पत्तीच्या त्याच वचनातल्या 'प्रकाश होवो'च्या त्या पहिल्या क्षणाची साक्ष जणू आजचं विज्ञानच देतंय. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते, लमेत्र मात्र अस्वस्थ. थिअरी अजून वादात, उद्या चुकीची निघाली तर देव पण चुकीचा का? त्यांनी आणि व्हॅटिकन वेधशाळेच्या फादर ओ'कॉनेलनी ही गोष्ट पोपच्या कानावर घातली, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले तेव्हा तो दावा भाषणात नव्हता. पोपना सांगता येतं हो, ग्रुप अ‍ॅडमिनला नाही.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा राहिलाच, पटकन सांगतो. सुरुवात वेगळी आणि निर्मिती वेगळी. सुरुवात म्हणजे घड्याळ कधी चालू झालं. निर्मिती म्हणजे आत्ता, हा पंखा फिरतोय त्या क्षणीसुद्धा, सगळं कुणाच्या आधारावर आहे. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकातच म्हणून गेलेत की जगाला सुरुवात होती हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने सिद्ध होत नाही, आणि जग अनादि असतं तरी ते देवाचंच असतं. म्हणजे हॉईल जिंकला असता तरी आपलं काही जात नव्हतं. लमेत्रही हेच म्हणत, माझी थिअरी धर्माच्या प्रश्नांच्या बाहेर आहे, श्रद्धावानानेही वापरावी, नास्तिकानेही. 1966 मध्ये ते गेले, त्याआधी थोडेच दिवस आद्य स्फोटाचा उरलेला किरणोत्सर्ग सापडल्याची बातमी त्यांना आजारपणात कळली.

बरं, प्रश्न विचारा. फक्त 'सहा दिवस म्हणजे किती तास' हा नको, तो मागच्या वर्षी झाला आणि जेवणं थंड झाली होती.