इंजिनाआधी ड्राइव्ह: जुन्या वेगवान बोटीसाठी मोठ्या इंजिनांची निवड

श्रोतेहो, जुनी वेगवान बोट घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हॉर्सपॉवरचा. किती घोड्यांची इंजिने आहेत, आणि त्यापेक्षा मोठी बसतील का? माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. इंजिनाची ताकद पाण्यापर्यंत पोहोचवणारे जे भाग आहेत, त्यांतला सर्वांत दुबळा भाग किती सोसू शकतो, यावरून इंजिन ठरते. इंजिनावरून बाकीचे ठरवायला गेले की खर्च वाढत जातो आणि बोट मात्र धक्क्यालाच बांधलेली राहते.

विषय नेमका करण्यासाठी एक बोट डोळ्यांसमोर ठेवू. साधारण ३८ फूट लांब, ८ फूट रुंद, तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, २४ अंशांच्या उताराचा (यालाच खोल व्ही म्हणतात), आणि मागे दोन पेट्रोल इंजिने. या घडणीच्या बोटींचे माहेर फ्लोरिडातले मायामी. रे हंट यांच्या खोल व्ही तळाच्या बोटीने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत जिंकली आणि खवळलेल्या समुद्रात वेग टिकवता येतो हे सर्वांना दिसले. पुढे डॉन ॲरोनो यांनी मायामीच्या १८८ व्या रस्त्यावर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या कंपन्या एकामागून एक उभ्या केल्या. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बोटी या परंपरेतल्या आहेत, आणि त्यांचे तळ इतके चांगले आहेत की त्यांत नवी इंजिने घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

आधी गणित पाहू. जॉर्ज क्राउच या अमेरिकन नौका-अभिकल्पकाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आजही अंदाजासाठी वापरले जाते. बोटीचे वजन पौंडांत घ्यावे, त्याला पंख्यापर्यंत, म्हणजे पाणी कापणाऱ्या प्रोपेलरपर्यंत, पोहोचणाऱ्या हॉर्सपॉवरने भागावे, येणाऱ्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि बोटीच्या जातीनुसार ठरलेल्या स्थिरांकाला त्या वर्गमूळाने भागावे. म्हणजे ताशी मैलांत वेग मिळतो. आपल्या बोटीसाठी स्थिरांक २२० धरू आणि इंधन व माणसांसह वजन १०,५०० पौंड धरू. प्रत्येकी ५२५ हॉर्सपॉवरची दोन इंजिने म्हणजे एकूण १,०५०. भागाकार १०, आणि वेग सुमारे ७० मैल. आता ताकद दुप्पट करा. वेग १४० होत नाही, ९८ च्या आसपास अडकतो. ७० वरून ८० वर जायलाच सुमारे ३४० हॉर्सपॉवर जास्त लागतात, आणि त्यातही नवी इंजिने जड असतील तर वजन वाढल्याने हा हिशेब आणखी बिघडतो. हे वर्गमूळ ज्याच्या मनात एकदा पक्के बसले, तो पुढचे सगळे निर्णय शांतपणे घेतो.

आता त्या दुबळ्या भागाकडे येऊ. स्टर्न ड्राइव्हच्या बोटीत इंजिन आत असते आणि गिअरांचा डबा, म्हणजेच ड्राइव्ह, ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीच्या, बाहेर लटकलेला असतो. बोट लाटेवरून उडते तेव्हा पंखा पाण्याबाहेर येतो, ओझे नाहीसे झाल्यामुळे इंजिनाचे फेरे एकदम चढतात, आणि पुढच्याच क्षणी तोच पंखा भर वेगात पाण्यात आदळतो. सारा धक्का गिअरांच्या दातांवर आणि उभ्या शाफ्टवर येतो. कसलेला चालक बोट हवेत जाताच थ्रॉटल मागे घेतो. नवखा तो दाबूनच ठेवतो. सपाट तळ्यात वर्षानुवर्षे टिकलेला ड्राइव्ह समुद्रातल्या एका दुपारीत फुटतो तो याच कारणाने.

मर्क्युरी या बोट-इंजिनांच्या कंपनीचा ब्राव्हो ड्राइव्ह ५०० ते ५२५ हॉर्सपॉवरच्या इंजिनांमागे हजारो बोटींवर बसला आहे, आणि त्याची मजबूत आवृत्ती नीट वापरली तर भरवशाची आहे. ताकद त्याच्या फार पुढे नेली की मर्क्युरीच्याच नंबर सिक्ससारखा मोठा ड्राइव्ह घ्यावा लागतो. ही नुसती डब्यांची अदलाबदल नव्हे. ब्राव्होमध्ये पुढे-मागे जाण्याचा क्लच ड्राइव्हच्या आतच असतो. मोठ्या ड्राइव्हला इंजिन आणि ट्रान्सम यांच्यामध्ये वेगळा गिअरबॉक्स लागतो. त्यामुळे इंजिन पुढे सरकते, बोटीचा तोल बदलतो, इंजिनखोलीची लांबी कमी पडू शकते, ट्रान्समचे छिद्र नव्याने कापावे लागते आणि पंख्याच्या शाफ्टची तळापासूनची उंची पुन्हा ठरवावी लागते. जुन्या बोटीच्या जाहिरातीत ‘मोठी इंजिने बसवली आहेत’ असे वाचले की मी विचारतो तो प्रश्न मागे कोणता ड्राइव्ह आहे हा.

ट्रान्समची गोष्टही याच ओघातली आहे. त्या काळातल्या अनेक बोटींच्या ट्रान्समच्या आणि तळाच्या लांब आधारपट्ट्यांच्या पोटात प्लायवुड किंवा बाल्सा हे हलके लाकूड असे, वरून फायबरग्लास. एखाद्या स्क्रूच्या छिद्रातून पाणी शिरले की लाकूड आतल्या आत कुजते आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत राहतो. लहान हातोडीने ठोकत गेल्यावर टणटणीत आवाज अचानक बद्द होतो तिथे खडूने खूण करावी आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावावे. कुजलेल्या ट्रान्समवर वाढीव ताकद लादण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

एवढे सगळे ठीक निघाले तर इंजिनाकडे वळावे. मर्क्युरी रेसिंगचे ५२५ ईएफआय हे ८.२ लिटरचे, सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले व्ही-८ इंजिन मला या वजनाच्या जुन्या बोटीसाठी सर्वांत समजूतदार वाटते. त्याच्या वर सुपरचार्जर लावलेली इंजिने येतात, आणि त्यांच्याही बरेच वर २०१० मध्ये आलेले ९ लिटरचे, दोन टर्बोंचे, १,३५० हॉर्सपॉवरचे इंजिन. ते अप्रतिम यंत्र आहे, पण ते नव्या, त्याच्याच हिशेबाने बांधलेल्या बोटीसाठी आहे. मधल्या पट्टीत धोका जास्त आहे, कारण तिथे खासगी कार्यशाळांतून बांधून घेतलेली इंजिने भेटतात. काही उत्तम असतात. काहींचा वंशही सांगता येत नाही. ताकद जितकी ताणावी तितके व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे आणि पिस्टनांचे आयुष्य घटते, म्हणून मी हॉर्सपॉवरबरोबर नेहमी एक दुसरा आकडा मागतो: इंजिन पुन्हा उघडण्याआधी किती तास चालायचे आहे?

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण मोटारीची इंजिने जाणणारे लोकही त्यात फसतात. बोटीच्या धुराड्यात थंड करण्यासाठी पाणी सोडलेले असते. जास्त ताकदीसाठी तीव्र कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला, तर इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात. मंद फेऱ्यांवर धुराचा प्रवाह क्षणभर उलटतो आणि त्याबरोबर पाण्याचे तुषार सिलिंडरमध्ये ओढले जातात. धक्क्यावर शांतपणे फुरफुरत असलेले इंजिन आतून गंजत असते. यावर उपाय म्हणजे पाणी धुरात बरेच पुढे, टोकाजवळ मिसळणारे एक्झॉस्ट. ते नसेल तर मोठा कॅम घालू नये.

इंधनाचा हिशेब थोडक्यात सांगतो. साध्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागते. म्हणजे आपल्या १,०५० हॉर्सपॉवरच्या जोडीला तासाला सुमारे ३२५ लिटर. सुपरचार्जर लावलेल्या २,००० हॉर्सपॉवरच्या जोडीचे मिश्रण जास्त घट्ट ठेवावे लागते, त्यामुळे ती ७०० लिटरांच्या पुढे जाते. शिवाय तिला वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते, आणि ते प्रत्येक बंदरात मिळेल असे नाही. कमी ऑक्टेनवर दाब वाढवला तर नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी स्फोटासारखे जळणे, सुरू होते आणि पिस्टनचा माथा वितळतो. मागे आवाज इतका असतो की चालकाला ते ऐकूही येत नाही.

जुनी इंजिने तशीच ठेवायची असतील तर इंजिनाच्या संगणकात नोंदलेले तास आणि ते कोणत्या फेऱ्यांवर गेले याचा तक्ता काढून घ्यावा. सगळ्या सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनचे (आतल्या दाबाचे) आकडे मोठे असण्यापेक्षा एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. त्याबरोबर सिलिंडरांतून दाब किती गळतो याची चाचणीही करावी. मिझुरीतल्या ओझार्क्सच्या तळ्यासारख्या गोड्या पाण्यात वाढलेली बोट मायामीच्या खाऱ्या पाण्यातल्या बोटीपेक्षा आतून बहुधा स्वच्छ निघते.

आऊटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचा, विचारही आता टाळता येत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-१ या वेगवान बोटींच्या मालिकेच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या, त्यांनी आऊटबोर्डच्याच बोटी पाहिल्या. मर्क्युरी रेसिंगचे ४५० हॉर्सपॉवरचे व्ही-८ आऊटबोर्ड २०१९ मध्ये आले आणि मोठ्या बोटींचे चित्र बदलले. पण आत इंजिने ठेवण्यासाठी बांधलेल्या बोटीचे वजन एकदम मागच्या कडेबाहेर टांगणे म्हणजे ट्रान्सम नव्याने बांधणे आणि तोल नव्याने साधणे आहे. चांगल्या कारागिराच्या हाती ते होते. घाईने करू नये.

शेवटी समुद्रावरची चाचणी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती इंजिनखोलीच्या तळाशी साचते. म्हणून चालू करण्याआधी चार मिनिटे इंजिनखोलीतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर लावून हवा खेळवावी आणि झाकण उघडून स्वतः वास घ्यावा. मोटारीचा स्वस्त स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावलेला दिसला तर बोट सुरूच करू देऊ नये, कारण त्याची ठिणगी बंदिस्त नसते. मग टाक्या आणि माणसे भरून पूर्ण वेगाला जावे आणि फेरे पाहावेत. २६ इंच पिचचा पंखा (एका फेऱ्यात तत्त्वतः २६ इंच पुढे जाणारा), दीडचा गिअर (इंजिनाच्या दीड फेऱ्याला पंख्याचा एक) आणि मिनिटाला ५,२०० फेरे यांतून पाण्यातली १५ टक्के घसरण वजा करून सुमारे ७३ मैल यायला हवेत. इंजिन ४,६०० वरच दमले तर पंखा चुकला आहे किंवा सांगितलेली ताकद तिथे नाही. परतल्यावर बोट वर काढून दोन्ही ड्राइव्हचे तेल थोडे काढून पाहावे. दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे. बुचाच्या चुंबकावर बारीक करडी पूड असली तर चालते, पण चकचकीत कपची सापडली तर गिअरचा दात गेला आहे, आणि मग ड्राइव्ह खोलून पाहीपर्यंत इंजिनांविषयीची बोलणी थांबवावीत.